आप्पासाहेबांचा रुसवा

नगरजवळच्या केडगावात आप्पासाहेब ठुब्यांची पिठाची गिरणी आहे. पण गिरण्या काय, गल्लोगल्ली असतात. आप्पासाहेबांचं नाव झालं ते रुसवे काढण्यात. लग्नात कुणा चुलत्याला फेटा बांधायचा राहून गेला, कुणाचं नाव पत्रिकेत खालच्या ओळीत गेलं, कुणाला वाढपी दुसऱ्यांदा विचारायला आला नाही, आणि तो माणूस भरल्या ताटावरून उठून चालता झाला, की मांडवात एकच हाक उठते: "आरं, आप्पासायबाला बोलवा!" मग आप्पासाहेब टोपी सरळ करतात, कानामागचं पीठ पुसतात आणि निघतात. त्या वेळी त्यांची चाल बघावी. मोठे डॉक्टर ऑपरेशनला निघतात ना, तशी.

या कामात त्यांचे स्वतःचे नियम आहेत. रुसलेल्या माणसाला "काय झालं?" असं कधी विचारायचं नाही. कारण जे झालेलं असतं ते मनात डोंगराएवढं असतं आणि तोंडातून बाहेर पडलं की ज्वारीच्या दाण्याएवढं दिसतं. मग तो बिचारा स्वतःवरच चिडतो आणि रुसवा दुप्पट होतो. नुसतं शेजारी जाऊन बसायचं. तंबाखू मळायची, अर्धी त्याला द्यायची. थोड्या वेळाने म्हणायचं, "चूक आमची हाय." पहिल्यांदा तो नाही म्हणणार, दुसऱ्यांदा जरा हळू नाही म्हणणार, तिसऱ्यांदा मात्र तोंडाने बोलायचं नाही, सरळ हाताला धरून उठवायचं. अकोले तालुक्यातले एक मामा डोंगर उतरून लग्नाला आले होते आणि मानापमानावरून परत जीपमध्ये जाऊन काचा वर करून बसले होते. त्यांना आप्पासाहेबांनी असंच पंगतीत आणून बसवलं. त्या मामांनी पुढे चार वेळा लापशी मागून घेतली, हे सांगताना आप्पासाहेबांचा आवाज अजून भरून येतो.

"रुसल्याला दुसरं काय पायजे नसतं," ते सांगतात. "कोन तरी आलं पायजे, बास."

असा हा अनुभवी माणूस. आणि याच माणसाने केडगावच्या मंगल कार्यालयात जो काही पराक्रम केला, तो त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा आहे. पण ते सांगताना हसू लागले की त्यांना ठसका लागतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सुरुवात गिरणीतच झाली. गिरणी चालू असली की आत काही ऐकू येत नाही. रेडिओ नाही, मोबाईलवरचं गाणं नाही, बाईमाणसाचं बोलणं नाही. बायका डबे ठेवतात, बोटांनी "जाड" की "बारीक" ते दाखवतात आणि जातात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आप्पासाहेबांशी जे काही बोलणं होतं ते खुणांनी. त्यामुळे मोबाईलवर पाहायचं तर चित्रंच पाहायची, हे त्यांनी फार पूर्वी ठरवलं होतं. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगायचा आणि पिशवीवरूनच बोट फिरवायचं. असंच बोट फिरवता फिरवता त्यांना साळूनाना सापडले.

साळूनाना हे एक साळिंदर आहे. सरकारी मोजणीदार. खांद्यावर साखळी टाकून ते रानोमाळ हिंडतात आणि प्राण्यांच्या बांधांची भांडणं सोडवतात. सशाचा बांध कोल्ह्याने कोरला, रानडुकराने पाणंद दाबली, असली प्रकरणं. सुकन्या नावाची एक मुलगी ही चित्रकथा काढते आणि दर गुरुवारी एक भाग मोबाईलवर टाकते. आप्पासाहेबांनी पहिला भाग पाहिला आणि त्यांचे डोळेच उघडले. हा साळूनाना तर त्यांच्याच धंद्यातला माणूस! तोही रुसलेल्यांच्या शेजारी जाऊन बसतो, तोही घाई करत नाही. त्या दिवशी एका डब्यातले गहू दुसऱ्याच्या बाजरीत गेले आणि वर आप्पासाहेबांनी त्या बाईलाच सांगितलं, की मिसळीची भाकरी आरोग्याला चांगली असते.

तेव्हापासून दर गुरुवारी ते चित्राखाली आपलं मत लिहू लागले. "नानांनी कोल्ह्याला जास्तच झुकतं माप दिलं." "रानडुकराचं बरोबर आहे, पाणंद जुनी होती." खाली सही: आप्पा गिरणीवाले, केडगाव. कधी कधी सुकन्याकडून लाल बदाम यायचा. एकदा तर तिने लिहिलं, "अगदी बरोबर!" त्या दोन शब्दांवर आप्पासाहेबांनी आठवडा काढला. आणि मग एका गुरुवारी कथेत एक कासव आलं. कासवाची पिठाची गिरणी होती. पाठीवर पीठ, डोळ्यांत पीठ, मिशांवर पीठ.

आप्पासाहेबांनी गिरणी बंद केली आणि बाहेर येऊन उभे राहिले. समोरून झुंबरबाई डबा घेऊन येत होत्या. त्यांना मोबाईल दाखवून आप्पासाहेब म्हणाले, "बघा. मला घेतलं तिनं गोष्टीत."

"कासव केलंय की तुमचं," झुंबरबाई म्हणाल्या.

"मग? गिरणी कुनाची हाय? आमची वळख हाय जुनी. घरचीच पोरगी म्हना ना."

झालं. पुढची काही वर्षं केडगावात कुणी चित्राचा विषय काढायचा अवकाश, आप्पासाहेब मध्ये पडून "आमची सुकन्या" म्हणत. त्यांची बायको ज्योतीबाई एकदा म्हणालीसुद्धा, "तुमची सुकन्या तुमाला कधी फोन करती का हो?" त्यावर आप्पासाहेब म्हणाले की कलावंत माणसाला असं फोनबिन करायला वेळ नसतो, समजून घ्यायचं असतं. हे बोलताना आपण जरा जास्तच बोलतोय हे त्यांना कळत होतं. पण हरभऱ्याच्या झाडावर माणूस एकदा चढला की खाली उतरताना लाज वाटते.

अशात त्यांचा भाचा हर्षल गिरणीत आला. हा नगरला कॉलेजात शिकतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून चित्रकथा वाचणाऱ्यांचा, त्यातल्या पात्रांसारखे कपडे घालून हिंडणाऱ्यांचा मेळावा भरवायचं ठरवलं होतं. पुण्या-मुंबईला असले मेळावे होतात, नगरला पहिलाच. हॉल म्हणून त्यांनी केडगावातलंच पुणे रोडवरचं मंगल कार्यालय घेतलं होतं, आणि मंगल कार्यालय म्हटल्यावर जेवण, पाणी, गाड्या लावणं हे सगळं बघायला मामाशिवाय दुसरा माणूस कोण?

"येनार कोन कोन?" आप्पासाहेबांनी विचारलं.

हर्षलने नावं सांगितली. त्यात सुकन्याचं नाव होतं. आप्पासाहेब चाळणी हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "जेवनाचं मी बघतो. तू काळजी करू नको."

मेळाव्याच्या दिवशी कार्यालयाच्या मॅनेजरने सवयीने विचारलं, "मुलीकडचे कोन?" साऊंडवाल्याने सवयीने सनई लावली. दारातून एक पोरगा काळे पंख लावून, एक मुलगी डोक्याला शिंगं बांधून आत गेली, आणि पाठोपाठ सनई. आप्पासाहेब दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते, शिंगांनाही आणि पंखांनाही. एका राक्षसाला त्यांनी "प्रवास कसा झाला?" म्हणून विचारलं. राक्षस सावेडीहून, म्हणजे नगरमधूनच आला होता.

दारातच हर्षलने एक फलक लावला होता. फोटो काढण्याआधी विचारा. कुणाच्या अंगाला, पोशाखाला हात लावू नका. कलाकाराकडे फुकट चित्र मागू नका. खायचं काही देणार असाल तर आधी विचारा. रांग मोडू नका. आणि सगळ्यात शेवटी: कुणी एकटं बसलं असेल तर त्याला एकटं राहू द्या. हा शेवटचा नियम वाचून आप्पासाहेब मनापासून हसले होते.

"आरं, आमच्याकडं एकट्या बसलेल्या मानसाला एकटं सोडलं ना, तर लगीन मोडंल."

"मामा, हे लगीन न्हाईये," हर्षल म्हणाला. "काहींना गर्दीचा त्रास होतो. त्यांना जरा बाजूला बसावं वाटतं. कुणी जाऊन खोदून विचारलेलं नको असतं. आन् सत्काराचं काय डोक्यात असलं तर आत्ताच काढून टाका. शाल न्हाई, नारळ न्हाई, फेटा न्हाई."

"छे, छे," आप्पासाहेब म्हणाले. शाल, नारळ आणि फेटा त्या वेळी त्यांच्या पिशवीत होते. शिवाय ज्योतीबाईने केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. फलकावरचे नियम बाहेरच्या माणसांसाठी असतात, घरच्यांसाठी नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

सुकन्या आली. तिशीच्या आतबाहेरची, चष्मा, पाठीवर मोठी बॅग. तिने टेबलावर साळूनानांची चित्रं मांडली आणि बघता बघता समोर रांग लागली. आप्पासाहेबांनी लांबून पाहिलं. प्रत्येकाशी ती हसून बोलत होती, नाव विचारत होती, चित्रावर सही करत होती. त्यांच्या मनात आलं, गिरणीच्या आवाजात मी एकटा असताना ही माझ्याशी बोलत होती. आज समोर बसली आहे. मग त्यांनी पिशवी उचलली, टोपी सरळ केली आणि रांग ओलांडून थेट टेबलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. घरचा माणूस रांगेत उभा राहतो का?

रांगेतली पोरं थांबली. वाढायला मदत म्हणून आलेली ज्योतीबाई मागून बघत होती. हर्षल बघत होता. आप्पासाहेबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान जराशी तिरकी केली आणि हसत विचारलं, "काय, वळखलं का?"

आता या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. समोरचा कोण आहे याचा काडीचा पत्ता नसला तरी माणूस म्हणतो, "अहो, म्हणजे काय! ओळखलं ना!" मग पुढे गोल गोल बोलत नाव काढून घेतो. सगळे हेच करतात. आप्पासाहेबांनी स्वतः आयुष्यात शंभर माणसांना असं ओळखलेलं आहे.

सुकन्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. आणि म्हणाली, "नाही हो, सॉरी. नाव सांगता का?"

नुसतं नाव सांगायचं होतं. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. पण आप्पासाहेबांच्या कानात एकदम गिरणी सुरू झाली. रांगेत कुणीतरी हसलं, ते यांनाच हसलं असं त्यांना वाटलं. आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, जे त्यांनी आजवर पंचवीस मावशांच्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

"न्हाई वळखलं ना? ऱ्हाऊ द्या मग."

आणि ते चालू लागले.

कार्यालयाच्या मागच्या दाराबाहेर जनरेटर होता, रिकाम्या खुर्च्यांची थप्पी होती आणि एक उलटी घातलेली मोठी कढई होती. आप्पासाहेब कढईवर बसले. जागा त्यांनी सहज निवडली असं कुणी समजू नये. रुसलेला माणूस नेहमी अशा ठिकाणी बसतो जिथून त्याला कुणी दिसत नाही, पण सगळ्यांना तो दिसतो. मागचं दार सताड उघडं होतं. आत जेवणाची पंगत होती. जरा मान वळवली की आप्पासाहेबांची पाठ दिसणारच.

मग ते वाट बघू लागले.

आधी त्यांना वाटलं, सुकन्या स्वतःच येईल. नाही आली तर हर्षलला पाठवेल. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं. पहिल्यांदा "नको", दुसऱ्यांदा "नको म्हटलं ना", तिसऱ्यांदा हाताला धरलं की जरा जड होऊन उठायचं. सगळी तयारी झाली. येणाराच तेवढा कुणी येईना.

हर्षल आला. आप्पासाहेबांनी चेहरा पाडला.

"मामा, इथं हाय व्हय तुमी? बरं झालं. जनरेटरकडं जरा ध्यान ठेवा," असं म्हणून तो पाण्याचे जार घेऊन गेला.

मग शिंगं बांधलेली मुलगी आली. तिने आप्पासाहेबांकडे पाहिलं, थबकली, पाण्याची एक बाटली हळूच त्यांच्याजवळ ठेवली आणि चवड्यांवर चालत परत गेली. दारात तिने आणखी दोघांना ओठांवर बोट ठेवून थांबवलं. "त्यांना एकटं बसायचंय," असं ती कुजबुजली. त्यानंतर पोरांनी ते दारच हळूच लोटून घेतलं. आवाजाचा त्रास नको म्हणून.

आप्पासाहेब लोटलेल्या दाराकडे बघत राहिले. चांगल्या घरच्या पोरांनी त्यांचा रुसवा फार नीट सांभाळला होता.

मग ज्योतीबाई आली. दार उघडून तिने कमरेवर हात ठेवले. "मी आले म्हनून उठाल का?"

"न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. घरच्या माणसाने समजूत काढलेली धरत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. समोरच्या बाजूचं कुणी यावं लागतं.

"मग मी कशाला थांबू? वांग्याची भाजी संपत आली. आन् ती पोरगी चारच्या गाडीनं जानार हाय म्हनं." असं म्हणून ती गेली. तिने दार मात्र मुद्दाम उघडं ठेवलं.

चार. आप्पासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं नाही, पण उन्हाची तिरीप कढईवरून सरकून खुर्च्यांच्या थप्पीवर गेली होती. पोटात कावळे ओरडत होते. रुसलेल्याने उपाशी राहायचं असतं, नाहीतर रुसव्याला अर्थ राहत नाही. पण पिशवीत लाडवांचा डबा होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि एक लाडू तोंडात टाकला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांना स्वतःचंच हसू आलं. ज्या मुलीसाठी लाडू आणले तिच्यावर रुसायचं आणि तिचेच लाडू चोरून खायचे! अकोल्याच्या मामांनी निदान जीपच्या काचा तरी लावून घेतल्या होत्या.

शेवटी त्यांनी ती गोष्ट केली जी रुसलेल्या माणसाने करायची नसते. स्वतःला विचारलं, "काय झालं रं आप्पा?" आणि उत्तर मोठ्याने देऊन पाहिलं. "तिनं मला वळखलं न्हाई."

एवढंच. ज्वारीचा दाणा.

तिने तोंड कुठे पाहिलंय आपलं? आपण कधी फोटो टाकला? तिने तर नाव विचारलं होतं. नाव न सांगता उठून आलो ते आपण. आणि आता ही पोरगी चारच्या गाडीने जाईल, मग उद्यापासून चित्राखाली लिहायचं कोणत्या तोंडाने? सगळा दिवस गिरणीत दोन बोटांच्या खुणांवर काढायचा. साळूनाना काय सांगतायत ते बघायचं आणि आपलं काही सांगायचं नाही. हे मनात आलं आणि आप्पासाहेबांना खरोखर भीती वाटली.

पण उठायचं कसं? सगळी पंचाईत तिथेच होती. उभ्या जन्मात त्यांनी एकही माणूस असा पाहिला नव्हता जो रुसून गेला आणि कुणी न बोलावता आपल्या पायांनी परत आला. असं करतच नाहीत. त्याला रीतच नाही. ते अर्धवट उठले, पुन्हा बसले. कढई वाजली. जनरेटरकडे बघितल्यासारखं केलं. मग जाकिटावरचा लाडवाचा भुगा झटकला, पिशवी तिथेच ठेवली आणि स्वतःच स्वतःचं मनगट धरून, अगदी तिसऱ्या वेळेला धरतात तसं, स्वतःला उठवलं.

आत रांग अजून होती. ते शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे काळे पंख होते आणि पंख सारखे नाकाला लागत होते, पण त्यांना हात लावायचा नाही हा नियम होता. पंखवाल्याने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही तर मघाशी पुढे गेला होतात ना?"

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले. "परत आलो."

रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. टेबलापाशी पोचले तेव्हा सुकन्या पेनाचं टोपण लावून बोटं दाबत होती. तिने वर पाहिलं. या वेळी मात्र तिने ओळखलं. मघाशी तरातरा निघून गेलेला माणूस म्हणून.

आप्पासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "मी आप्पासायेब ठुबे. केडगावात माझी गिरनी हाय. तुमच्या चित्राखाली लिहितो दर गुरुवारी. आप्पा गिरणीवाले."

ती आठवू लागली. आप्पासाहेब तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता येईल, आता येईल.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "खूप जण लिहितात हो. मी सगळं वाचते, पण नाव नाही लक्षात राहिलं. मला वाईट वाटतंय."

"आन् त्ये कासव? गिरनीवालं?"

"ते माझे आजोबा. जुन्नरकडे त्यांची गिरणी होती."

आप्पासाहेबांना घाव बसला, आणि तो मघापेक्षा खोल होता. इतकी वर्षं झुंबरबाईला, सगळ्या आळीला जे सांगत आलो ते कासव कुणाचे तरी आजोबा निघाले. मागचं दार उघडं होतं, कढई तिथेच होती. पण ते हलले नाहीत. त्यांना एकदम हसू फुटलं, असं की टेबलावरची चित्रं हलली.

"काय झालं?" सुकन्याने विचारलं.

"मी समद्या केडगावाला सांगितलंय, त्ये कासव मीच हाय म्हनून."

तीही हसली. मग जरा थांबून म्हणाली, "मघाशी तुम्ही रागावून गेलात का?"

"रागावलो न्हाई. रुसलो हुतो." आता लपवायचं काय राहिलं होतं? "तिथं मागं कढईवर बसून हुतो. तुमची वाट बघत."

"माझी? म्हणजे मी यायला हवं होतं?"

"आमच्यात येत्यात. समजूत काढाया."

"अहो, मी पाहिलं होतं तुम्हाला. मला वाटलं, तुम्हाला एकटं बसायचंय. मुद्दाम नाही आले."

आप्पासाहेबांनी मागच्या दाराकडे वळून पाहिलं. तिला आपण दिसलो होतो, आणि तिने आपला मान म्हणूनच आपल्याला एकटं सोडलं होतं. ही असलीही एक रीत असू शकते, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मग उठवलं कुणी तुम्हाला?"

"मीच."

मागून हर्षलने घसा खाकरला. प्रत्येकाला किती वेळ द्यायचा हेसुद्धा त्यांनी ठरवलेलं होतं. सुकन्याने पेनाचं टोपण काढलं, साळूनानांचं एक चित्र ओढलं आणि त्यावर "आप्पासाहेब ठुबे, केडगाव" असं सावकाश, प्रत्येक अक्षर नीट काढत लिहिलं. लिहिता लिहिता मान खाली ठेवूनच तिने विचारलं, "मघाशी तुम्ही विचारलंत, ओळखलं का. मी काय म्हणायला हवं होतं?"

"तुमी म्हनायचं हुतं, व्हय, वळखलं की."

"खोटं?"

"खोटं का हुईना," आप्पासाहेब म्हणाले. "आमाला चालतं."

तिने चित्र त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे, पांढऱ्या भुवयांकडे, कानामागे राहून गेलेल्या पिठाकडे असं निरखून पाहिलं की आप्पासाहेबांना लाजल्यासारखं झालं.

"पुढच्या वर्षी परत विचारा," ती म्हणाली. "तेव्हा खरं म्हणेन."

आप्पासाहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मागे एव्हाना आणखी पोरं रांगेत येऊन उभी राहिली होती. ते बाजूला सरकले.